सरांनी न तपासलेलं पाणी

रत्नपारखी सरांच्या शर्टाच्या खिशात पेन नसायचा. पेन ते दुसऱ्याचा मागून घ्यायचे आणि काम झालं की टोपण लावून परत करायचे. खिशात असायची वीतभर लांबीची एक काळी नळी. तिच्या टोकाला तिरकी काच. त्या काचेवर पाण्याचा एक थेंब टाकायचा, वरचं झाकण मिटायचं आणि उजेडाकडं तोंड करून डोळा लावायचा, की त्या पाण्यात मीठ किती ते आतल्या रेघांवर दिसतं. रिफ्रॅक्टोमीटर म्हणतात तिला. घरात समुद्राचं पाणी ठेवून त्यात मासे पाळणाऱ्या माणसाला ती लागतेच. पण ती खिशात घालून पंगतीला बसणारा माणूस मी एकच बघितला.

आधीच सांगून टाकते. या माणसावर मी आईबापाच्या खालोखाल जीव लावला होता, आणि याच माणसामुळं मी माझ्या सख्ख्या बापाला दीड वर्ष खोटं ठरवलं. तेव्हा पुढं कुठं माझा आवाज चढला तर चढू द्या. मला हे सरळ आवाजात सांगता येत नाही, मी करून बघितलंय.

सर आमच्या कॉलेजात प्राणिशास्त्राचे विभागप्रमुख होते आणि मी तिथं प्रयोगशाळा सहायक. काचसामान धुणं, द्रावणं करून ठेवणं, पोरांनी फोडलेल्या परीक्षानळ्यांचा पंचनामा करणं, हे माझं काम. सरांच्या प्रयोगशाळेत ‘अंदाजे’ हा शब्द शिवीसारखा होता. एकदा मी म्हटलं, “सर, अंदाजे दोनशे मिली घेतलंय.” त्यांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला.

“अंदाजे पोह्यात मीठ घालतात, साळवेबाई. इथं मोजतात.”

आणि पोह्यांनाही ते सोडत नव्हते, ही गंमत. एका सहकाऱ्याच्या वास्तुशांतीला आम्ही सगळे गेलो होतो. पुरणपोळी, कटाची आमटी, झकास बेत. सरांनी आमटीचा एक घोट घेतला, वाटी खाली ठेवली, खिशातून नळी काढली, बोटानं एक थेंब काचेवर टाकला आणि खिडकीकडं तोंड केलं. घरची बाई वाढायची थांबली. सर म्हणाले, “बेचाळीस. समुद्रसुद्धा पस्तीसवर थांबतो.” आणि नळी पुसून खिशात. त्या बाई पुढं कधी सरांशी बोलल्या नाहीत, आणि सरांना ते कधी कळलंही नाही.

दुसरा शब्द ‘थांबा’. हा त्यांचा आवडता. पोरगं घाईनं भिंगाखाली काचपट्टी सरकवायला लागलं की “थांबा.” मी निकाल लिहायला लागले की “थांबा, परत बघा.” रिटायर होताना निरोपाच्या भाषणात प्राचार्य त्यांचं कौतुक करायला लागले तेव्हाही बसल्या जागेवरून म्हणाले, “थांबा, तो शोधनिबंध माझा नव्हता.” सभागृह हसून हसून लोळलं. मला मात्र अंगावर काटा आला होता. असा खरा माणूस आपल्या नशिबात आहे, असं वाटलं होतं. काय बाई ते वाटणं!

त्या दिवशी हारतुरे आणि शाल घेऊन मी त्यांना ज्योतीनगरच्या घरी सोडायला गेले आणि त्यांचा समुद्र पहिल्यांदा बघितला. दिवाणखान्यात टीव्हीच्या जागी चार फुटी टाकी. आत दगड, दगडांवर जांभळी, हिरवी प्रवाळं डुलत होती. ती झाडं नव्हेत, जिवंत प्राणी आहेत, हे सरांनी मला दोनदा सांगितलं. मधून एक पिवळाजर्द मासा शांतपणे फिरत होता.

“याचं नाव काय, सर?”

“क्रमांक चार. नाव दिलं की जीव गुंततो आणि निरीक्षण बिघडतं.”

जीव गुंतत नाही म्हणणारा हा माणूस क्रमांक चारनं एक वेळ खाल्लं नाही तर स्वतःचं ताट बाजूला सारायचा. आठ वर्षं सांभाळला होता त्याला. टाकीत हात घालायच्या आधी सर कोपरापर्यंत हात धुवायचे, नुसत्या पाण्यानं, साबण वर्ज्य. घरात उदबत्ती बंद, डासांची कॉइल बंद. धूर पाण्यात उतरतो म्हणून काकूंचे देव गॅलरीत गेले होते. काकू म्हणायच्या, “आमच्याकडं देवाला धूप बंद आणि माशाला पंखा चालू.” हे खरंच होतं. एप्रिल-मेमध्ये टाकीवर टेबलफॅन चालायचा, पाण्यात बर्फाच्या बंद बाटल्या तरंगायच्या, आणि काकू पदरानं वारा घेत बसायच्या.

आणि वह्या. जाड पुठ्ठ्याच्या. रोज सकाळी सात वाजता नोंद. तापमान, क्षार, कोण खाल्लं, कोण नाही. एक दिवस चुकलेला नाही. “वहीशी खोटं बोलायचं नाही, साळवेबाई. माणसाशी एक वेळ चालतं, वहीशी नाही.” मी हसले होते. मला तो विनोद वाटला होता.

आता आमचे अण्णा. माझे वडील. लासूर स्टेशनच्या बाजारात उभा जन्म हमाली केली. पोती वाहून वाहून गुडघे गेले. आई गेल्यावर मी त्यांना मुकुंदवाडीला माझ्या फ्लॅटवर आणलं. दुसरा मजला, लिफ्ट नाही. माझं लग्न मोडलेलं, ती गोष्ट इथं नको. घरात दोघंच. मी कॉलेजला गेले की अण्णा खुर्चीत बसून समोरच्या भिंतीकडं बघायचे. संध्याकाळी येऊन विचारावं, “अण्णा, दिवसभर काय केलं?” तर म्हणायचे, “भिंत राखली.” हसत म्हणायचे.

त्यांनी समुद्र बघितला नव्हता. मुंबईला नेलं असतं, पण दोन जिने उतरायचे म्हटलं तरी त्यांचं तोंड वाकडं व्हायचं. तेव्हा मी सरांना विचारलं, त्या भिंतीपाशी एक लहानशी टाकी होईल का? त्यांनी एकच प्रश्न केला. “थांबायची तयारी आहे?”

सर पहिल्यांदा घरी आले तेव्हा अण्णांनी मला उठू दिलं नाही. भिंतीला धरत धरत स्वतः आत गेले आणि आपल्या तांब्याच्या गडूत पाणी आणि पेला घेऊन आले. हा गडू आईनं तिच्या मजुरीतून घेतलेला. अण्णा रोज रात्री त्यात पाणी भरून ठेवायचे आणि सकाळी उठल्या उठल्या प्यायचे. सरांनी पेला बाजूला ठेवला, गडूच उचलून तोंडाला लावला आणि गटागटा सगळा रिकामा केला. “छान गार आहे,” म्हणाले. अण्णा त्यांच्याकडं बघत राहिले. आम्ही बौद्ध. बाबासाहेबांमुळं माणसात आलो. पण अण्णांच्या लहानपणी गावच्या विहिरीवर त्यांच्या ओंजळीत लांबून पाणी ओतायचे, ते त्यांनी मला एकदाच सांगितलं होतं आणि नंतर तो विषय काढू दिला नव्हता. सर गेल्यावर म्हणाले, “मानूस मोठा हाय.” मला स्वतःचा सत्कार झाल्यासारखं वाटलं.

दोन फुटांची टाकी आली. आमच्या शहरात नळाला पाणी आठ-आठ दिवसांनी येतं, पाण्याच्या दिवशी बायका कामाला सुट्टी टाकतात, आणि त्यात आम्ही समुद्र करायला निघालेलो. नळाचं पाणी चालत नाही, आरओचे जार आणायचे. शहागंजकडचा मासेवाला मीठ देताना मला म्हणाला, “सर के हाथ का टँक? बाजी, वो टँक नहीं, इम्तिहान है.” ते खास मीठ ड्रममध्ये टाकून एक दिवस ढवळत ठेवलं. सरांनी नळीला डोळा लावला. “पस्तीस. हा घ्या तुमचा समुद्र.”

अण्णा म्हणाले, “चाखू का?”

मला वाटलं सर ‘थांबा’ म्हणतील. पण त्यांनी अण्णांच्या तळव्यावर चमचाभर पाणी घातलं. अण्णांनी जीभ लावली आणि चेहरा असा केला की सर पहिल्यांदा मोठ्यानं हसले.

“येवढं खारट? अन् लोक कामून जातात बगाया?”

मग दगड मांडले, वाळू घातली, पंप लावला आणि सरांनी सांगितलं, आता सहा आठवडे काही नाही. दगडांत डोळ्यांना न दिसणारे जीव वाढले पाहिजेत, घाण पचवायची ताकद पाण्याला आली पाहिजे. त्याआधी मासा सोडला तर मरतो. आमच्या घरी सहा आठवडे दिवे लावून नुसतं पाणी चाललं होतं. शेजारीण विचारायची, “मासे मेले का हो?” अण्णा तिला मोठ्या रुबाबात सांगायचे, “मेलं काय न्हाई. यायचंत अजून.” दर रविवारी सर यायचे, बाटलीत पाणी घ्यायचे, त्यात रसायनाचे थेंब टाकून रंग बघायचे, मान हलवायचे. तिसऱ्या आठवड्यात दगडांवर तपकिरी शेवाळ आलं. अण्णा घासणी घेऊन उठले. “थांबा, अण्णा. ते आपोआप जाईल.” आणि गेलंही.

अण्णांना काम मिळालं होतं. पाणी उडून जातं, मीठ उडत नाही, म्हणून रोज वरून गोडं पाणी घालावं लागतं. सरांनी काचेवर मार्करनं रेघ मारली, प्लॅस्टिकचा मग दिला. “रेघेपर्यंत, अण्णा. रोज सकाळी.” अण्णा दात घासायच्या आधी रेघ बघायचे.

पहिल्यांदा गोगलगायी आल्या, पाच. मग शंखात राहणारा एक खेकडा. सरांनी स्वतःच्या टाकीतल्या प्रवाळाचा तुकडा कापून दगडावर चिकटवून दिला. आणि सगळ्यांत शेवटी नारिंगी अंगावर पांढरे पट्टे असलेले दोन मासे. त्यांची नावं अण्णांनी एका दमात ठेवली. मोठी लासूर, धाकटा पोटूळ. खेकडा रोटेगाव. म्हणजे आमच्या लाईनीवरची स्टेशनं. सरांनी कपाळाला हात लावला. अण्णा म्हणाले, “तुमी नंबर द्या, म्या टेशन देतो.” गोगलगायींना नावं नव्हती, पण कुणाच्या शंखावर कुठं टवका आहे हे त्यांना पाठ होतं. मी कामावरून आले की आता मला बातम्या मिळायच्या. लासूरनं पोटूळला हाकललं. रोटेगाव दगडामागं गेला तो दुपारपर्यंत आलाच नाही. भिंतीचं नाव कुणी काढत नव्हतं.

एका रविवारी मात्र घोटाळा होता होता टळला. अण्णा मग सोडून आपला तांब्याचा गडू घेऊन टाकीकडं निघाले होते. सर नेमके दारात. “थांबा!” असे ओरडले की अण्णा जागच्या जागी थिजले.

“कामून? मी पितो ते त्यांला दिलं तर काय झालं? तांब्याचं पाणी अंगाला चांगलं असतं.”

सरांनी त्यांना खुर्चीत बसवलं आणि नीट सांगितलं. तांबं आपल्याला चालतं. माशालाही औषध म्हणून मोजून चालतं, अंगावर पांढरे ठिपके आले की तेच देतात, पण वेगळ्या भांड्यात. गोगलगाय, खेकडा, प्रवाळ यांना मात्र ते विष. आणि एकदा दगडात मुरलं की निघत नाही. अण्णांनी कानाला हात लावले. “घात झाला असता की वो.” मग गडूकडं बघून म्हणाले, “तू फकस्त माझा बरं का.” आम्ही तिघंही हसलो. त्या हसण्याची पुढं साक्ष निघणार आहे, हे मला कुठं ठाऊक.

मे महिन्यात माझ्या चुलतभावाच्या मुलीचं लग्न लासूरला होतं. चार दिवस जायचं होतं. किल्ली सरांकडे दिली. परत आलो तर टेबलावर चिठ्ठी. ‘सर्व ठीक. क्षार ३५.’ अण्णा चप्पल काढायच्या आधी टाकीपाशी गेले. बघत बघत म्हणाले, “वंदे, ही गोगलगाय आपली न्हाई.”

“म्हणजे काय अण्णा?”

“आपल्या पाचीला टवका हाय. हिला न्हाई. ही येगळी हाय.”

मी हसले. चार दिवसांत बापाला गोगलगायी ओळखू येईनाशा झाल्या, असं काहीतरी म्हणाले. सामान लावायचं होतं, उशीर झाला होता.

तिसऱ्या दिवशी गोगलगायी काचेवरून गळून पडल्या. एकामागून एक. रोटेगाव शंखातून अर्धा बाहेर आला आणि तसाच राहिला. प्रवाळ मिटलं ते उघडलंच नाही, दुसऱ्या दिवशी त्याचा चिखल झाला. मासे तेवढे फिरत होते. मी सरांना फोन केला तेव्हा मला नीट बोलता येत नव्हतं.

सर आले. टाकीसमोर उभे राहिले. हात धुतले नाहीत. बाटलीत पाणी घेतलं नाही. खिशातली नळी काढली नाही. नुसतं विचारलं, “पाणी कोण घालतं?”

“अण्णा.”

ते स्वयंपाकघरात गेले. ओट्यावर अण्णांचा गडू होता, नेहमीच्या जागी. सरांनी तो उचलला, थोडा वेळ हातात धरला आणि परत ठेवला. मग माझ्याकडं न बघता म्हणाले, “तांबं आहे, साळवेबाई.”

अण्णा खुर्चीतून उठायला लागले. “म्या न्हाई वतलं ह्यानं. मगानंच वततो. पोरी, आईची आण.”

आणि मी, मला त्या क्षणी जे झालं ते मी अजून कुणाला सांगितलेलं नाही. मी अण्णांवर ओरडले. एवढं एक काम दिलं होतं तुम्हाला. एक साधं काम. तेवढंही जमलं नाही. मागच्या वेळी पकडलं होतं ना सरांनी? मग? सरांच्या देखत म्हणाले हे सगळं. सर दारापाशी उभे होते, हात मागं बांधून, आणि ऐकत होते.

अण्णा बसले. मग म्हणाले, “पानी बाटवल्याचा आळ आमाला नवा न्हाई. पर तू घेशील असं वाटलं नव्हतं.”

सर जाताना दगड फेकायला सांगून गेले. लासूर आणि पोटूळला पिशवीत घालून स्वतःकडं नेलं. “मी सांभाळतो,” म्हणाले. मी त्यांचे आभार मानले. आभार!

गडू अण्णांनी कपाटाच्या वर ठेवून दिला आणि स्टीलच्या पेल्यानं पाणी प्यायला लागले. खुर्ची फिरवून गॅलरीकडं केली. मी दोन-तीन दिवसांनी म्हणाले, “जाऊ द्या अण्णा, होतं कधी कधी.” मोठ्या मनानं म्हणाले बरं का. ते नुसतं “व्हय” म्हणाले. दीड वर्ष आमच्या घरात सगळं बोललं जायचं, डाळ, गुडघे, नळाचं पाणी, पण भिंतीपाशी उरलेल्या रिकाम्या स्टँडबद्दल कुणी बोलत नव्हतं.

सरांकडं माझं जाणं चालूच होतं. लासूर-पोटूळ त्यांच्या टाकीत मजेत होते. वहीत त्यांना क्रमांक सात आणि आठ मिळाले होते. अण्णा विचारायचे नाहीत, मीही सांगायची नाही.

गेल्या हिवाळ्यात सरांनी पुण्याला मुलाकडं कायमचं जायचं ठरवलं. एक दिवस कॉलेजच्या शिपायाबरोबर माझ्याकडं एक खोकं आलं. आत त्यांच्या सगळ्या वह्या. वर चिठ्ठी. ‘साळवेबाई, आपण वाचाव्यात.’ मला भरून आलं. स्वतःच्या पोरांपेक्षा त्यांनी मला जवळचं मानलं म्हणून.

रविवारी सकाळी मी वह्या काढून बसले. कुणाचंही होतं तसंच झालं, आधी आपल्या घराचं नाव शोधलं. आमची टाकी त्यांनी ‘सा.’ अशी लिहिलेली. सहा आठवड्यांच्या नोंदी वाचताना गंमत वाटत होती. मग लग्नाचा आठवडा आला.

‘सोमवार. क्र. ४ ठिपके फार वाढले. बादलीत तग धरेना. सा.कडे हलवला. घर रिकामे.’

‘मंगळवार. सा. टाकीत तांबे, अर्धी मात्रा. गोगलगायी अजून चालत्या.’

‘बुधवार. एक गोगलगाय मृत. माझ्याकडची ठेवली. तांबे शोषायला पाण्यात कोळसा टाकला.’

‘गुरुवार. क्र. ४ तरतरीत. परत आणला. पुढील औषध घरी. सा.कडील तांबे उतरले असावे.’

आणि पुढच्या आठवड्यात एक ओळ. ‘सा.कडे गेलो. पाणी तपासले नाही.’

मी ती पानं किती वेळा वाचली माहीत नाही. असावे! त्या सगळ्या वह्यांत ‘असावे’ हा शब्द दुसरीकडं नाही, मी शोधलाय. लोकाच्या घरची आमटी मोजणारा माणूस त्या दिवशी माझ्या घरी खिशात नळी ठेवून उभा होता. मोजायचं कशाला? त्याला आकडा ठाऊक होता. ज्या गडूनं तो पहिल्या दिवशी पाणी प्याला, तोच त्यानं उचलून मला दाखवला होता. आणि मी एका शब्दानं म्हटलं नाही, सर, आधी मोजा.

अण्णा गॅलरीत उन्हाला बसले होते. मी वही घेऊन त्यांच्या पायाशी जाऊन बसले आणि वाचून दाखवलं. शेवटच्या ओळीपर्यंत मला वाचता आलं नाही. मी त्यांच्या गुडघ्यावर डोकं ठेवून रडले, चाळीस ओलांडलेली बाई. अण्णांनी माझ्या केसांवरून हात फिरवला.

“आता कामून रडती?”

“अण्णा, तुम्ही नव्हतं केलं.”

“मला तं त्याच दिशी म्हाईत होतं की गं,” अण्णा म्हणाले. “म्या वतलंच नव्हतं. तुलाच म्हाईत नव्हतं.”

मला वाटलं त्यांनी मला मारलं असतं तर बरं झालं असतं. मग त्यांनी हळूच विचारलं, “लासूर-पोटूळ हायेत का त्याच्याकडं अजून?”

दीड वर्षांत पहिल्यांदा त्यांच्या तोंडून ती नावं आली. मी तोंड धुतलं, बादली घेतली, झाकण घेतलं आणि रिक्षा करून ज्योतीनगर गाठलं. दगड नव्हते, पाणी नव्हतं, टाकी माळ्यावर. तरी म्हटलं मासे आधी घरी येऊ देत, बादलीत पंप लावून ठेवीन, सरांनीच शिकवलंय कसं ठेवायचं ते.

दार उघडंच होतं. खोकी बांधलेली. भिंतीशी जिथं टाकी होती तिथं फरशीवर मिठाचा पांढरा चौकोन राहिला होता. काकू कुणाकडं तरी निरोप घ्यायला गेल्या होत्या. सर गॅलरीतल्या नळाखाली शेवटचा पंप धूत होते, बाह्या कोपराच्या वर सारून. माझ्या हातातली बादली त्यांनी बघितली.

“सात आणि आठ टाकीबरोबर गेले,” ते म्हणाले. “काल सकाळी. गारखेड्याच्या एका डॉक्टरांनी सगळंच नेलं.”

“आणि चार?”

“चार माझ्या मुलाकडं जातोय. त्याची सोय केली आहे.”

बघा म्हणजे. मी बादली खाली ठेवली.

“वह्या वाचल्या मी.”

“म्हणूनच दिल्या.” ते पंपावरचं पाणी झटकत राहिले. “तांबं उतरेल असं वाटलं होतं, साळवेबाई.”

“वाटलं होतं? तुम्हाला?”

त्यांनी नळ बंद केला. मी म्हटलं, “ते जाऊ द्या. मासा मरत होता, जीव तुटला, हात गेला. समजू शकते. पण माझ्या बापाचा गडू कशाला उचललात? मला फोनवर सांगायचं होतं. मी दोन दिवस रडले असते आणि दगड बदलले असते.”

तेव्हा त्यांनी माझ्याकडं बघितलं. आणि जे म्हणाले ते त्यांनी नीट विचार करून ठेवलेलं होतं, मला कळलं.

“अण्णा तुमचे वडील आहेत. वडिलांना मुलगी माफ करते. मला तुम्ही केलं नसतं. तुमचं येणं बंद झालं असतं.”

“केलं ना माफ,” मी म्हणाले. “दीड वर्ष करत होते, सर. रोज. जे त्यांनी केलंच नाही त्याबद्दल.”

मी बादली उचलली. दारापर्यंत आले तेव्हा मागून आवाज आला.

“थांबा, साळवेबाई.”

वळून बघितलं. रिकाम्या दिवाणखान्यात ते उभे होते, त्या पांढऱ्या चौकोनाच्या कडेला. कोपरापर्यंत हात ओले, पाणी फरशीवर ठिबकत होतं. पुसायला काही नव्हतं, सगळं खोक्यांत गेलेलं. खिशात नळी होती. या माणसाच्या त्या एका शब्दावर मी सहा आठवडे रिकाम्या पाण्याकडं बघत थांबले होते, आणि बापाला थांबायला लावलं होतं.

रिक्षावाला खाली उभाच होता. मी त्याला गारखेड्याला घ्यायला सांगितलं. डॉक्टरांचं नाव मला माहीत नव्हतं, पण दारोदार विचारत गेलं की सापडतं, आणि मी घरातून निघाले तेव्हाच अण्णा गॅलरीतली खुर्ची आत, टाकीच्या त्या भिंतीकडं वळवून बसले होते.